सावनेर–नागपूर रस्त्यावरची हिवाळ्यातली पहाट: सूचनापत्रकात काय टाकावं?

सावनेरकर
डिसेंबर लागायच्या आत वस्तीतल्या फलकावर लावायला आणि व्हॉट्सॲप गटावर टाकायला एक पानी सूचना काढायची आहे. पहाटे साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान इथून पाटणसावंगी, कोराडी, नागपूरकडे जाणारे बहुतेक जण दुचाकीवर असतात. त्यांच्या मागेपुढे कापसाच्या ट्रॉल्या, संत्र्याच्या गाड्या आणि कोळशाचे टिप्पर. ‘वाहने सावकाश चालवा’ लिहिलं तर कोणी ढुंकून पाहत नाही. नेमकं काय करायचं, कशाने काय होतं, एवढंच हवं आहे. मांजाचंही सांगा, संक्रांत दूर नाही. आणि गावातल्या गतिरोधकांबद्दल कोणाकडे जायचं तेही.

डिपर_मारा
धुक्यापासून सुरुवात करा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे धुकं जमिनीलगत बसतं. अवकाळी पाऊस येऊन गेल्यावरच्या दोन-तीन पहाटा जास्त वाईट. नाले, तलाव, ओलिताची शेतं इथे ते अचानक दाट होतं. लोकांची चूक इथेच होते: उजाडलं म्हणून वेग वाढवतात. जानेवारीच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य ६:५० च्या आसपास उगवतो आणि धुकं कितीदा तरी उगवल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात अजून दाटतं.

वेगाचा हिशोब पत्रकात जरूर टाका. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरलं, तर ताशी ६० ला गाडी थांबायला साधारण ५० मीटर लागतात, ४० ला ३० मीटर आणि ३० ला २० मीटर. हे कोरड्या रस्त्याचं झालं. दव आणि कोळशाची भुकटी मिसळलेल्या डांबरावर याहून जास्त. अंतर कसं ओळखायचं? एसटी साधारण ११ मीटर लांब असते. तीन एसट्या एकामागे एक उभ्या राहतील एवढंच दिसत असेल तर ४० च्या वर जाऊ नये.

दिवा डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावरच ठेवा. अपर (वरचा झोत) लावला की उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो. डिपर बरोबर बसवलाय का ते घरीच पाहता येतं. मागे नेहमीचा माणूस बसवून गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. उजेडाचा वरचा काठ दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली पडला पाहिजे. जास्त वर पडत असेल तर दिव्याखालचा स्क्रू फिरवायचा, पाच मिनिटांचं काम.

चारचाकीवाल्यांनी चारही इंडिकेटर लावून चालू नये. मागच्याला गाडी उभी आहे की चालू आहे, वळणार की नाही, काहीच कळत नाही. ते दिवे गाडी उभी असतानाच.

कोराडी_रोड
भाऊ, चारही इंडिकेटर लावले तर निदान दिसते तरी ना गाडी! लोकं तेच करून राहिले.

डिपर_मारा
दिसते, पण वळायचा इशारा जातो, आणि चालती गाडी उभी समजून मागचा जोरात ब्रेक दाबतो नाहीतर बाजूने काढायला जातो. दिसायचंच असेल तर मागचा लाल दिवा पुसा. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचे दिवे आपोआप लागतात, पण मागे बसलेल्याची शाल नाहीतर दुधाच्या कॅनचं पोतं त्या दिव्यावर लोंबत असेल तर काय उपयोग? शाल चेनमध्ये जाते ते वेगळंच.

ट्रॉलीमिस्त्री
सूचना दुचाकीवाल्यांना द्या, पण खरी भानगड ट्रॉलीच्या मागच्या बाजूला आहे. अंधारात विनादिव्याची ट्रॉली म्हणजे रस्त्यावरची भिंत. वस्तीने पत्रकासोबत एक काम हाती घ्यावं: कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकावर किंवा वजनकाट्यावर ट्रॉल्यांना परावर्तक पट्टी लावून द्यायची.

पट्टी दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटरची घ्या. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. एका ट्रॉलीला मागच्या फळीभर सहा फूट लाल आणि दोन्ही कोपऱ्यांना एकेक फूट उभी, म्हणजे जवळपास २.४ मीटर. बाजूंना चार-चार तुकडे, एकेक फुटाचे, तेही २.४ मीटर. ४५ मीटरचा एक लाल आणि एक पिवळा रोल घेतला तर १८ ट्रॉल्या होतात. पांढरी थोडीच लागते, पुढच्या दोन कोपऱ्यांपुरती.

पट्टी निघून का पडते? कारण ती धुळीवर आणि ऑइलवर चिकटवतात. आधी तारेच्या ब्रशने घासा, थिनरने पुसा, सुकू द्या, मग लावून कापडाने दाबत न्या. पहाटे लावू नका, लोखंडावर दव असतं आणि गार पत्र्यावर गोंद धरत नाही. सकाळी ११ नंतर लावा. लाकडी फळीवर तर ती टिकतच नाही. तिथे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर चिकटवून पत्रा रिबिटने मारायचा.

आता कापसाची गोष्ट. भरलेला कापूस आणि ताडपत्री मागे इतकी लोंबते की पट्टीही झाकते, दिवाही. ताडपत्रीच्या वरून दोरीने लाल परावर्तक त्रिकोण बांधायला सांगा.

ट्रॉलीचा दिवा लागत नाही म्हणून लगेच बल्ब बदलू नका. बहुतेक वेळा अर्थिंग गेलेलं असतं. करंट परत जायला हुकच्या पिनवर भरवसा ठेवलेला असतो आणि पिनला गंज चढलेला. ट्रॉलीच्या चेसिसपासून सात पिनांच्या सॉकेटपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढली की दिवा मिचमिचणं थांबतं.

आणि राजेहो, बंद पडलेल्या गाडीमागे दगड मांडता ना, ते निघताना उचला. गाडी जाते, दगड तिथेच राहतो, मग पहाटेचा दुचाकीवाला त्यावर जातो. त्रिकोण ठेवायचा तर ५० मीटर मागे, चार पावलांवर नाही.

मानकापूर_चौक
मांजाबद्दल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि जानेवारीभर झाडांना, तारांना लोंबत असतो. म्हणून १४ तारखेपुरती काळजी पुरत नाही. दुचाकीला हँडलवर उलट्या ‘यू’ आकाराचा लोखंडी गार्ड बसवून घ्या. गाडीवर बसल्यावर तो हेल्मेटच्या वर आला पाहिजे, छातीएवढा असेल तर निव्वळ शोभा. तो आरशाच्या भोकात बसतो. काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, जोर लावून फिरवाल तर आटे जातील. लहान मुलाला पुढे उभं करून उड्डाणपुलावरून नेऊ नका.

गळा चिरला तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, सारखं उघडून पाहू नका. रुतलेला धागा ओढू नका. १०८ ला फोन.

थंडीचंही लिहा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. तशा गारठ्यात बोटं बधिर होतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. हातमोजे हवेतच, पण लोकरीचे नकोत, त्यातून वारा आरपार जातो. हेल्मेटखाली जाड माकडटोपी घातली की हेल्मेट डोक्यावर डुलतं, पातळ कापडी टोपी घाला. काचेवर वाफ धरते तिथे आतून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चोळून सुती कपड्याने कोरडं पुसा, दोन-तीन दिवस पुरतं. थिनर-स्पिरिट लावू नका, काच धुरकटते.

सावनेरकर
ताई, दादा, भरपूर झालं. गतिरोधक राहिले.

कोराडी_रोड
आधी रस्ता कोणाचा ते पाहा. गावातला नगरपरिषदेचा, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि नागपूर–सावनेर–बैतूल हा राष्ट्रीय महामार्ग ४७. महामार्गावर खड्डा, बंद पडलेली गाडी, अपघात यासाठी १०३३. बाकी तक्रार ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाका आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. फोटो, जवळची खूण, मोजमाप जोडा.

मोजमाप असं: भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, आधी ४० मीटरवर फलक. आपल्याकडे दोन फूट रुंदीचा उंच वरवंटा घालतात, त्यावर स्कूटरचं तळ घासतं. पट्टे ऑइलपेंटने मारू देऊ नका, काचेचे मणी टाकलेला गरम थर्मोप्लास्टिक रंग मागा. तोही कोरड्या रस्त्यावर, दुपारीच मारायचा.

ट्रॉलीमिस्त्री
रंग मारेपर्यंत गतिरोधकाच्या दोन्ही टोकांना खांब रोवून त्यावर हीच लाल पट्टी गुंडाळा, जमिनीपासून तीन फुटांवर. १८ ट्रॉल्यांनंतर रोलमध्ये मीटरभर उरतेच.