सासूबाईंसाठी साधा संगणक : कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-४०२, सकाळी ९.१०
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्यापैकी बऱ्याच जणांना संध्याकाळी खालच्या बाकावर भेटणाऱ्या माझ्या सासूबाईंना आता ७४ वे वर्ष सुरू आहे. घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघणार असून आमच्या शाखेची माहिती लिहून देण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आहे. दोन जाड वह्या भरून झाल्या आहेत, परंतु संपादन करणाऱ्या मंडळींना मजकूर टंकलिखित आणि तोही युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरपद्धतीत, हवा आहे. याशिवाय नागपूरच्या नणंदेशी व्हिडिओवर बोलणे, वर्तमानपत्र मोठ्या अक्षरांत वाचणे आणि मराठी विश्वकोशातील नोंदी चाळणे, एवढीच त्यांची गरज आहे. (त्या मूळच्या वाईच्या आणि विश्वकोशाचे कार्यालयही वाईचेच, त्यामुळे विश्वकोश त्यांना घरचाच वाटतो.)

आमची तयारी ३०,००० रुपयांपर्यंतची आहे. परवा एका दुकानात गेलो असता विक्रेत्याने गरज काय आहे हे न विचारताच ६२,००० रुपयांचा टचस्क्रीन लॅपटॉप पुढे केला. मुलाचा २०१७ साली घेतलेला लॅपटॉप कपाटात पडून आहे, पण तो सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेतो. ज्यांनी आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी संगणक घेतला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

सी-१०४, सकाळी ९.२५
आम्ही वडिलांसाठी टॅबलेट घेतला. वर्तमानपत्र वाचणे आणि नातवंडांशी बोलणे यांसाठी तो फार सोयीचा ठरला, कारण आरामखुर्चीत बसूनही वापरता येतो. मात्र लिहायला घेतले की काचेवरचा कीबोर्ड अर्धा पडदा व्यापतो आणि बोट जरा टेकले तरी भलतेच अक्षर उमटते, त्यामुळे वडिलांनी दोन परिच्छेदांपलीकडे काही लिहिले नाही. दोन वह्यांचा मजकूर उतरवायचा असेल तर मी टॅबलेट सुचवणार नाही.

बी-६०१, सकाळी १०.४०
वहिनी, तुम्ही काम काय करायचे आहे ते नेमके सांगितलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात मी सव्वीस वर्षे काढली, आणि वडीलधाऱ्यांसाठी हौसेने आणलेली यंत्रे इतक्या घरांत धूळ खाताना पाहिली की आता मी यंत्राची चौकशी सर्वांत शेवटी करतो.

आधी पडदा पाहावा. चौदा-पंधरा इंची लॅपटॉपवर तासभर लिहायचे म्हणजे मान खाली घालून बसणे आले. आईंच्या चष्म्यात वाचण्याची काच खालच्या बाजूला असेल, तर पडदा फार उंचावर असूनही चालत नाही. त्या काचेतून पाहण्यासाठी हनुवटी सतत वर उचलावी लागते आणि अर्ध्या तासात मान भरून येते. म्हणून वेगळा, २४ इंची, चकाकी नसलेला पडदा घ्यावा, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवावी आणि टेबल असे लावावे की खिडकीचा उजेड बाजूने येईल. सात-आठ हजारांत असा पडदा मिळतो, आणि तुमच्या ३०,००० रुपयांतील पहिला खर्च यावर व्हावा असे माझे ठाम मत आहे. अक्षरांचा आकार १५० टक्के करावा, माउसचा बाण मोठा आणि गडद करावा, त्याचा वेग कमी करावा आणि फाइल एका क्लिकवर उघडेल अशी मांडणी करून द्यावी, कारण हात थोडा जरी थरथरत असला तरी डबल क्लिक साधत नाही. माउस आणि कीबोर्ड वायरचेच घ्या, म्हणजे सेल संपून यंत्र बिघडल्याची शंका येणार नाही.

आता यंत्राविषयी. मुलाचा लॅपटॉप टाकून देऊ नका. पाच मिनिटे लागण्याचे कारण बहुधा त्यातील फिरणारी जुनी हार्ड डिस्क हे आहे. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, जलद डिस्क) बसवली आणि रॅम (चालू कामासाठीची स्मृती) ८ जीबी केली की तेच यंत्र अर्ध्या मिनिटात कामाला लागते. तथापि २०१७ सालच्या यंत्रात बहुधा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) असेल, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचेच इंटेल प्रोसेसर ग्राह्य धरले आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा त्यावर विसंबून इंटरनेट वापरणे योग्य नाही. अशा लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट हे संगणक चालवणारे सॉफ्टवेअर बसवून देतो. ते मोफत आहे, त्याचा तोंडवळा जुन्या विंडोजसारखाच असतो, आणि ब्राउझर, लिब्रेऑफिस (लिहिण्याचे सॉफ्टवेअर) व व्हिडिओ कॉल एवढे तुमचे सारे काम त्यावर होते. आईंना विंडोजची सवयच नसल्यामुळे त्यांना नव्याने काही विसरावे लागणार नाही. लॅपटॉप एचडीएमआय वायरने मोठ्या पडद्याला जोडून शेजारी उघडा ठेवला की त्याचा कॅमेरा व्हिडिओ कॉलला वापरता येईल. बॅटरी अजून चांगली असेल तर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी लिहिलेला मजकूर जाणार नाही.

लॅपटॉप तपासल्यावर निकामी ठरला, तर कचेऱ्यांमधून बाहेर पडलेले छोटे रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेले) डेस्कटॉप बघा. मी गेल्या वर्षी माझ्या मेहुण्यांसाठी असा एक १४,००० रुपयांना घेतला. तेथे एका गोष्टीची काळजी घ्यावी. प्रोसेसरच्या नुसत्या आय-५ या चिठ्ठीवर जाऊ नये; पुढचा आकडा विचारावा. आय-५ ८५०० म्हणजे आठवी पिढी आणि आय-५ ३४७० म्हणजे तिसरी, आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेले असतात. पक्के बिल आणि लेखी वॉरंटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डेस्कटॉप घेतलात तर मात्र कॅमेरा आणि यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ संगणक चालू ठेवणारे यंत्र) यांचा खर्च वेगळा धरावा लागेल.

मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट (कीबोर्डवरील कळांची एक रचना) शिकावे. काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अशी त्याची शास्त्रशुद्ध रचना आहे. रोज पाऊण तास दिला तर महिन्याभरात हात बसतो.

ए-४०२, दुपारी १.१५
काका, मनापासून आभार. तुमचा निरोप आईंना वाचून दाखवला. पडद्याचे त्यांना लगेच पटले, परंतु इनस्क्रिप्टचे नाव काढताच त्या अस्वस्थ झाल्या. माझी एक गोष्ट सांगायची राहिली, ती आता सांगते. आई पस्तीस वर्षे एका सरकारी कार्यालयात टंकलेखिका होत्या. मराठी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा त्या उत्तीर्ण झालेल्या आहेत. मध्यंतरी मुलाने त्यांना लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायला शिकवले होते, तेव्हा त्यांनी चार ओळींत लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या, "माझ्या बोटांना मराठी येतं, मग मी ते इंग्रजीतून का लिहू?" त्यावेळी आम्हाला तो हट्ट वाटला होता. आज तुमचे वाचताना वाटले की त्यांचे म्हणणे आम्ही नीट ऐकूनच घेतले नव्हते.

बी-६०१, दुपारी १.५०
वहिनी, ही माहिती फार मोलाची आहे, आणि इनस्क्रिप्टची माझी सूचना मी मागे घेतो. टंकलेखन यंत्रावर ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना रेमिंग्टन, म्हणजे टंकलेखन यंत्राचीच, कळरचना द्यावी. तिच्यात आणि इनस्क्रिप्टमध्ये केवळ कळांच्या जागांचा फरक नाही, लिहिण्याचा क्रमच वेगळा आहे. टंकलेखन यंत्रावर 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी दाबतात आणि मग 'क', म्हणजे कागदावर जसे दिसते तसे. इनस्क्रिप्टमध्ये 'क' आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. यंत्रावर कित्येक अक्षरे अर्धी उमटवून त्यांना काना जोडून पूर्ण करतात, ही सवयही इनस्क्रिप्टमध्ये उपयोगी पडत नाही. पस्तीस वर्षांची ही सवय मोडायला सांगणे म्हणजे त्यांच्या हातातील विद्या काढून घेणे होईल.

रेमिंग्टन कळरचना विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर बसवता येते. मात्र मजकूर युनिकोडमध्येच उमटतो आहे याची पहिल्याच दिवशी खात्री करावी लागेल. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये लिहिलेले आपल्या पडद्यावर मराठी दिसते, पण दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर तेच पान निरर्थक चिन्हांनी भरलेले दिसते; छपाईच्या कामांत हा गोंधळ मी अनेकदा निस्तरला आहे. पहिले पान लिहून झाले की ते मोबाइलवर पाठवून उघडून पाहावे, म्हणजे शंका राहणार नाही.

आणि कीबोर्डकडे लक्ष द्या. लॅपटॉपच्या चपट्या कळा त्यांच्या बोटांना लागणार नाहीत. कळ खोल दाबली जाते आणि दाबल्याचे बोटाला समजते असा पूर्ण आकाराचा कीबोर्ड घ्यावा, आणि तो आईंना दुकानात बसवून, त्यांच्या हातून दहा ओळी लिहून घेऊन मगच निवडावा. हे काम मुलांनी परस्पर करू नये.

डी-००२, दुपारी ४.०५
सूनबाई, मी स्वतः ७१ वर्षांची असल्याने दुसरी बाजू सांगते. गेल्या वर्षी माझ्या संगणकावर एकाएकी लाल रंगाची पाटी आली, मोठा आवाज सुरू झाला आणि संगणकात विषाणू शिरला असून अमुक क्रमांकावर ताबडतोब फोन करा असे लिहून आले. मी घाबरून फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे बोलत होता, आणि माझा पडदा त्याला दिसावा म्हणून एक ॲप उतरवायला सांगत होता. समोरच्या घरातील मुलगी योगायोगाने आली आणि तिने फोन ठेवायला लावला, म्हणून वाचले. त्यानंतर तिने माझे खाते साधे करून दिले, म्हणजे कोणतेही नवे सॉफ्टवेअर बसवायचे तर तिच्याकडचा पासवर्ड लागतो, आणि ब्राउझरमधील सूचनाही बंद करून टाकल्या. हे तुम्ही पहिल्या दिवशीच करा. सायबर फसवणुकीसाठी असलेला १९३० हा क्रमांक मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला आहे.

बँकेचे व्यवहार मी त्या संगणकावर मुळीच करत नाही. हयातीच्या दाखल्यासाठीही संगणक लागत नाही. जीवन प्रमाण या सरकारी डिजिटल दाखल्याची सोय अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवूनही होते. तेव्हा संगणक लिहिण्या-वाचण्यासाठीच ठेवावा, म्हणजे भीती राहत नाही आणि माणूस मोकळेपणाने चार कळा दाबून पाहतो.

ए-४०२, रात्री ९.३०
सर्वांचे आभार. घरी बसून आम्ही असे ठरवले आहे. मुलाचा लॅपटॉप उद्या काकांकडे तपासायला देतो, आणि तो चालण्याजोगा असेल तर एसएसडी व रॅम बसवून त्यावर लिनक्स मिंट घालू. पडदा आणि कीबोर्ड नवे घेऊ. हा सगळा खर्च १८,००० रुपयांच्या आत बसावा असा अंदाज आहे. उरलेल्या पैशांतून आईंसाठी पाठीला आधार देणारी खुर्ची घेण्याचे ठरले, कारण त्या आजवर जेवणाच्या टेबलाशी लाकडी स्टुलावर बसूनच वह्या लिहीत होत्या. खाते साधे ठेवू आणि पासवर्ड माझ्याकडे राहील. दर रविवारी सकाळी अर्धा तास मुलगा त्यांच्याजवळ बसेल, आणि त्यांच्या हातातून माउस न घेता फक्त तोंडी सांगेल, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

काका, शनिवारी दुकानात जाताना आपण सोबत याल का? आईंनी नमुन्याच्या दहा ओळी वहीतून आताच निवडून ठेवल्या आहेत.