बाससाठी पहिला बेटकास्टर: रॉड आणि रील कोणते घेऊ?

मंडळी, मदत हवी आहे. दोन वर्षं एकाच स्पिनिंग सेटवर (रॉडखाली लटकणारं, स्थिर फिरकीचं रील) बास मासे पकडतोय: साडेसहा फुटी मीडियम रॉड, २५०० आकाराचं रील, १० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे ८ पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (टोकाला जोडलेला पारदर्शक दोरीचा तुकडा). बिनवजनाचा रबरी किडा टाकायला याच्यासारखं सुख नाही. पण पाणवनस्पतीत टेक्सास रिग (पुढे वजन आणि हुकचं टोक रबरी किड्यात लपवलेलं) टाकला की पंचाईत. परवा चांगला दांडगा लार्जमाउथ बास लागला, तो सरळ वेलीत घुसला आणि मी नुसता वाकलेला रॉड धरून उभा.

म्हणून आता बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, फिरत्या फिरकीचं रील) घ्यायचा आहे. रॉड ७ फुटी, मीडियम-हेवी, फास्ट अ‍ॅक्शन (मुख्यतः टोकाकडे वाकणारा) इथपर्यंत ठरलंय. अडलंय ते क्रँकबेटपाशी (ओढलं की डुलत खाली जाणारं, माशासारखं कडक आमिष). फास्ट टोकाच्या कडक रॉडवर त्याचे ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) माशाच्या तोंडातून निसटतात, त्याला मॉडरेट अ‍ॅक्शन (मध्यापर्यंत वाकणारा रॉड) हवी, हे पटतं. पण दोन रॉड आत्ताच घेणं जमणार नाही. मग क्रँकबेट जुन्या स्पिनिंगवरच चालवू का? कुणी तसं करतं का?

दुसरं, रीलचा गिअर रेशो (हँडलच्या एका फेरीत फिरकीच्या किती फेऱ्या). ७:१च्या आसपासचं घेतलं तर ढिली दोरी पटकन गोळा होते, पण खोल जाणारा क्रँकबेट ओढताना हात भरून येतो म्हणे. ६.३:१ मध्ये दोन्ही निभेल?

आणि हो, मित्राच्या बेटकास्टरवर तिसऱ्याच फेकीत दोरीचं घरटं झालं होतं (मित्र अजून हसतोय). अंगठ्याने फिरकी आवरायची सवय होईपर्यंत मोनो (एकपदरी नायलॉन दोरी) भरू की सरळ ब्रेड?