प्रत्येक समितीत 'एक महिला सदस्य हवी' म्हणून माझंच नाव. नाही म्हणू का?

रानजाई:
मी भौतिकशास्त्र शिकवते. विभागात बाकी सगळे पुरुष. निवड समिती असो, प्रवेश असो, तक्रार निवारण असो, नियमात 'किमान एक महिला' लिहिलेलं असतं आणि ती महिला ठरलेली असते. सेमिनारचं संयोजन तर नियमात नसूनही माझ्याच गळ्यात आहे.

परवाची बैठक सांगते. भरतीच्या मुलाखती होत्या. सुरुवातीलाच अध्यक्षांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं, "मॅडम, तुम्ही नीट लिहिता, इतिवृत्त तुम्हीच घ्या." मी लिहीत बसले. एका उमेदवार मुलीच्या कामात मध्ये खंड होता. समोरच्या सरांनी विचारलं, "लग्नाचं काय ठरलंय? पुन्हा सुट्टी लागणार नाही ना?" ती गोंधळली, काहीतरी पुटपुटली. मी पेन खाली ठेवेपर्यंत ती उठून गेली होती आणि पुढची फाईल उघडली होती. संध्याकाळी इतिवृत्तावर माझी सही होती. कागदोपत्री त्या खोलीत महिला सदस्य हजर होती.

माझा पेपर अर्धवट पडला आहे. बढतीच्या वेळी पेपर मोजतात, समित्या कोणी मोजत नाही. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "इतकी वर्षं बायकांना कोणी विचारत नव्हतं, आता विचारतात तर तुम्हाला नको." हे मनाला लागलं, कारण मी नाही म्हटलं तर त्या खोलीत एकही बाई नसेल. काय करावं?

दुर्बीण:
रानजाई, सगळ्या समित्यांना एका मापाने मोजू नका. जिथे माणसं निवडली जातात, पैसे वाटले जातात, प्रवेश ठरतात, ती जागा सोडायची नाही. जिथे हॉल बुक करायचा, पाहुण्यांची व्यवस्था बघायची, ती आजच सोडा.

आणि हा तुमच्या स्वभावाचा दोष आहे असं मनात आणू नका. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांचा २०१७ सालचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. कोणालाच नको असलेलं काम गटातल्या एकाने उचलायचं होतं. स्त्री-पुरुष एकत्र असताना बायका जास्त वेळा पुढे आल्या. पण गट फक्त बायकांचा किंवा फक्त पुरुषांचा केला तेव्हा तो फरक उरला नाही. गटात फक्त पुरुष असले की पुरुषही तेच काम करतात. म्हणजे 'बायकांना अशी कामं आवडतात' हे खरं नाही, त्या करतील असं सगळ्यांनी धरलेलं असतं, त्यांनी स्वतःही. मिश्र गटात कोणालातरी विनंती करायची वेळ आली तेव्हाही विनंती बायकांनाच जास्त झाली.

म्हणून विभागप्रमुखांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, तक्ता घेऊन जा. सगळ्या समित्या, प्रत्येकीला लागणारे तास, समोर नावं. आणि निवड समितीत इतिवृत्त कधीही घ्यायचं नाही. लिहिणारा माणूस बोलत नाही, हे तुम्ही स्वतःच अनुभवलंत.

अक्षांश:
मी काही वर्षं विभागप्रमुख होतो. आमच्याकडे इतिवृत्ताची पाळी लावली, आडनावांच्या क्रमाने. पहिल्या बैठकीत दोघांनी कुरकुर केली, नंतर कोणाला त्याची आठवणही राहिली नाही. तुम्ही पाळीची मागणी केलीत तर नकार देणाऱ्याला कारण सांगावं लागेल, आणि ते सांगणं अवघड आहे.

एक गोष्ट मात्र दुर्बीण यांच्या प्रतिसादात राहून गेली. फक्त सदस्य बदलून सगळं सुधारत नाही, निवडीची पद्धतही बदलावी लागते. हबल दुर्बिणीवर निरीक्षणाचा वेळ मिळवायला खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात. बरीच वर्षं पुरुषांच्या प्रस्तावांना मंजुरीचं प्रमाण थोडं जास्त असायचं. २०१८ साली परीक्षकांपासून अर्जदारांची नावं लपवली, आणि त्या फेरीत स्त्रियांचं प्रमाण किंचित वर गेलं. परीक्षक आपसात 'हा माणूस कोण, पूर्वी काय केलंय' यावर बोलायचे, ते थांबलं आणि प्रस्तावावर बोलू लागले. मुलाखतीत नाव लपवता येत नाही, पण प्रश्न आधी लिहून ठरवता येतात आणि सगळ्या उमेदवारांना तेच विचारता येतात. तुमच्या सरांचा तो प्रश्न अशा यादीत कोणीच लिहिला नसता.

माळरान:
त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना पंचायतींचं उदाहरण द्या. ७३ व्या घटनादुरुस्तीने बायकांना नुसत्या सदस्यत्वाच्या जागा दिल्या नाहीत, एक तृतीयांश सरपंचपदंही राखीव केली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी २००४ मध्ये पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या गावांचा अभ्यास छापला. प्रमुखपद राखीव असलेल्या पंचायतींमध्ये पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं, आणि तिथल्या बायका तेच मागत होत्या. फरक पडला तो पद हाती आलं म्हणून. तेव्हा 'बोलावतात ना' एवढ्यावर समाधान मानू नका, अध्यक्षपद मागा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता करायला बसले आणि चार ओळींतच चित्र स्पष्ट झालं. सेमिनारचं संयोजन सोडतेय, भरती समिती ठेवतेय. प्रश्नांची यादी आधी ठरवण्याचा प्रस्ताव या आठवड्यात लेखी देते.

एकच विचारायचं राहिलं. यादी असूनही कोणी तो लग्नाचा प्रश्न टाकलाच, तर त्या क्षणी काय म्हणायचं? उमेदवारासमोर वाद घातला तर तिचंच नुकसान होईल अशी भीती वाटते.

दुर्बीण:
वाद नको. उमेदवाराकडे बघून सरळ सांगा, "या प्रश्नाचं उत्तर देण्याची गरज नाही, आपण तुमच्या कामाबद्दल बोलू," आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा. ती बाहेर गेली की अध्यक्षांना सांगा की हा प्रश्न विचारला गेला होता, हे इतिवृत्तात लिहा. ते लिहिलेलं दिसल्याशिवाय सही करू नका.