मदत हवी आहे: सीलिहॅम टेरियर – जाईचं एक वेत घ्यावं का?

मंडळी, नमस्कार.

जरा सविस्तर लिहिते. अर्धवट माहिती देऊन सल्ला मागितला तर तुमचाही वेळ जातो.

आम्ही पश्चिम वेल्समध्ये, पेम्ब्रोकशायरला राहतो. घरात जाई आहे, चार वर्षांची सीलिहॅम टेरियर कुत्री. अंगाने पांढरीशुभ्र, म्हणून जाई. ही जात याच मातीतली. हॅव्हरफर्डवेस्टच्या उत्तरेला वुल्फ्सकॅसल गावाजवळ सीलिहॅम नावाची हवेली आहे. तिथल्या कॅप्टन जॉन एडवर्ड्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कुत्री घडवली. त्यांना पाणमांजर, बिज्जू आणि कोल्ह्याच्या मागे बिळात शिरणारं कुत्रं हवं होतं. म्हणून आखूड पाय, मजबूत जबडा, आठ-नऊ किलो वजन. रंग पांढरा, म्हणजे चिखलात आणि झटापटीत शिकार कोणती आणि कुत्रं कोणतं ते लगेच कळावं.

मग यांचं कामच गेलं. इंग्लंड-वेल्समध्ये १९७८ पासून पाणमांजराला संरक्षण आहे, बिज्जूला त्याआधीपासून, आणि २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकारही बंद झाली. ते झालं ते बरंच झालं, बिज्जूवर कुत्रं सोडायची माझी अजिबात इच्छा नाही. पण कामाबरोबर यांना पाळणारी माणसंही गेली. २००८ साली अख्ख्या ब्रिटनमध्ये सीलिहॅमची फक्त ४३ पिल्लं नोंदली गेली. वर्षाला ३०० पेक्षा कमी नोंदणी असली की इथला केनेल क्लब (कुत्र्यांच्या जातींची नोंदणी ठेवणारी संस्था) देशी जातीला धोक्यात आलेली मानतो. त्यावरून अंदाज करा. २००९ साली क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट कुत्रं म्हणून सीलिहॅमच निवडला गेला होता. तरी आमच्या गावात लोक मला थांबवून विचारतात, हे कुठलं कुत्रं? जिथे ही जात जन्मली तिथे!

उंदीर आणि ससे मारायला कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे जाईला काम आहे. शेजारच्या शेतकऱ्याच्या कोठारात गवताचे गठ्ठे हलवायचे असले की तो तिला बोलावतो. एरवी घरात सोफ्यावर पसरणारी ही बया तिथे पाऊल टाकताच बदलते. पुढचा एक पाय उचलून, मान कलती करून उभी राहते. शेवटचा गठ्ठा उचलेपर्यंत हलत नाही, फक्त शेपटीचं टोक थरथरत असतं. उंदीर निघाला की मानेला एक झटका आणि पुढच्याकडे वळली. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. परत येते तेव्हा दाढीत गवताच्या काड्या आणि चिखलाचे गोळे, अर्धा तास कंगवा घेऊन बसावं लागतं. हे रक्तातलं काम तिच्याबरोबर संपू नये असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण. टेरियर जातींत डोळ्यांचा एक आनुवंशिक आजार असतो. डोळ्यातलं भिंग धरून ठेवणारे तंतू तुटतात, भिंग सुटतं, डोळ्यातला दाब वाढतो. खूप वेदना होतात आणि दृष्टी जाऊ शकते. साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात हे होतं. डीएनए चाचणीत जाई वाहक निघाली, म्हणजे सदोष जनुकाची एक प्रत तिच्याकडे आहे. मी ज्यांना मार्गदर्शनासाठी फोन केला त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, "वाहक आहे ना, नसबंदीचं ऑपरेशन करून टाका." त्या दिवशी फार रडू आलं. पिल्लांची एवढी वानवा असताना एका जनुकासाठी आख्खी कुत्री वंशातून काढून टाकायची?

दुसरी अडचण नराची. गाडीने जाण्यासारखा एकच नर आहे. त्याची चाचणी स्वच्छ, स्वभाव गोड. पण केनेल क्लबच्या संकेतस्थळावर दोघांची जोडी घालून पाहिली तर पिल्लांचा अंतःप्रजननाचा आकडा (आईबापाचं आपसातलं रक्ताचं नातं किती जवळचं ते दाखवणारा) १४.८ टक्के येतो. सावत्र भावंडांची जोडी लावली तर १२.५ येतो, म्हणजे हे त्याहून जवळचं झालं. दुसरा नर स्वीडनमध्ये आहे, तोही स्वच्छ, आकडा ५ च्या आसपास. त्याचं गोठवलेलं वीर्य मागवावं लागेल.

तिसरी गोष्ट मला स्वतःलाच सुचली, ती बरोबर आहे का सांगा. माझं आजोळ लातूरकडचं. तिकडे शेळी अर्धलीनं देतात, सांभाळायची त्याने आणि करडं निम्मी-निम्मी. तशी जाईची एखाद-दोन मादी पिल्लं चांगल्या घरी अर्धलीनं द्यावीत का? पैसे घ्यायचे नाहीत, पण पुढे एक वेत घ्यायला हवं आणि त्यातलं एक पिल्लू परत माझ्याकडे. नाहीतर सगळी पिल्लं घरोघरी जाऊन त्यांची ऑपरेशनं होतात आणि वंश तिथेच थांबतो.

कारवानी किंवा मुधोळ कुत्री पाळणारे, पशुवैद्य, कुणीही अनुभवी असाल तर कृपया लिहा. वेत घेऊच नये असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी पशुवैद्य आहे. जाईला बाद करू नका. नर स्वच्छ असेल तर तिची साधारण निम्मी पिल्लं स्वच्छ आणि निम्मी वाहक होतील, दोन सदोष प्रती घेऊन एकही जन्मणार नाही. सगळ्या पिल्लांची चाचणी करा आणि पुढच्या पिढीसाठी शक्यतो स्वच्छ मादी ठेवा. लहान संख्येच्या जातीत सगळे वाहक वगळले तर उरलेल्यांचं नातं आणखी जवळचं होतं आणि दुसरा एखादा दोष वर येतो. मात्र वाहकांपैकी थोड्यांना हा आजार होतो, म्हणून आधी नेत्रतज्ज्ञाकडून तिचे डोळे तपासून घ्या आणि पुढेही दर वर्षी घेत राहा.

गोठवलेलं वीर्य वितळल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं. कुत्रीचं बीज सुटलं तरी पक्व व्हायला आणखी दोनेक दिवस लागतात. त्यामुळे नेमका दिवस कळण्यासाठी माजावर आल्यापासून रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दर एक-दोन दिवसांनी मोजावंच लागेल. हे काम जिथे नेहमी होतं तिथेच करा.

प्रतिसाद २

माझी आई शेळ्या अर्धलीनं द्यायची. सगळं तोंडी. भांडण व्हायचं ते दोनच गोष्टींवरून: औषधपाण्याचा खर्च कोणाचा, आणि जनावर मेलं तर नुकसान कोणाचं. हे आधी बोलून घ्या. आणि बाई, शेळी वर्षा-दोन वर्षांत वितेच. कुत्री घरातलं लेकरू होऊन बसते. चार वर्षांनी त्या घरच्या लोकांना तिला त्रास नको वाटला तर तुम्ही जबरदस्ती करणार का?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. नेत्रतज्ज्ञाची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. डोळे ठीक असतील तरच पुढे जायचं आणि तेही स्वीडनच्या नराबरोबर. वीर्य मागवणं जमलं नाही तर तो माज सोडून देईन, पण जवळच्या नराला लावणार नाही.

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. जबरदस्ती नाही करणार. करारात असं लिहायचं ठरवलंय की पिल्लाचा रोजचा खर्च त्यांचा, वेताचा सगळा खर्च माझा, वेत घ्यायला डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी नाही म्हटलं तर अट तिथेच संपली आणि कुत्री त्यांचीच. अशा प्रकारचा कागद कुणी प्रत्यक्षात केला असेल तर त्यातला मजकूर इथे टाकाल का? मी मराठीतून समजून घेऊन इथल्या वकिलाकडून इंग्रजीत करून घेईन.