तपकिरी पेलिकन उंचावरून पाण्यात झेप घेतो, मग आपल्याकडचे पेलिकन का घेत नाहीत?

गोदाकाठ (नाशिक):
नमस्कार. मुलीकडे मुक्कामाला असताना कॅलिफोर्नियातील माँटेरी उपसागराच्या किनाऱ्यावर तपकिरी पेलिकन मासे पकडताना पुष्कळ वेळ पाहता आले. संथपणे उडणारा पक्षी एकाएकी मान खाली घालून पाण्यात कोसळतो, लगेच वर येतो आणि चोच छातीशी टेकवून काही वेळ तसाच तरंगत राहतो. नांदूर मध्यमेश्वरला अनेक वर्षे पाणपक्षी पाहत आलो आहे, परंतु एवढ्या आकाराचा पक्षी अशी झेप घेताना कधी दिसला नाही. इतक्या जोराने आपटूनही त्याला इजा कशी होत नाही, वर आल्यावर तो थांबतो कशासाठी, आणि भारतातील पेलिकन असे का करीत नाहीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाणथळ_निफाड:
तपकिरी पेलिकन कधी कधी वीस मीटर उंचीवरूनही सूर मारतो. त्याच्या गळ्याच्या व छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात. त्या आघात झेलतात आणि पक्ष्याला लगेच पृष्ठभागावर आणतात. श्वासनलिका व अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूला असल्यामुळे त्यांना धक्का बसू नये म्हणून तो पाण्यात शिरताना अंग डावीकडे वळवतो. हे वळण एकदा लक्षात आले की प्रत्येक झेपेत ओळखू येते.

थांबण्याचे कारण मला याहूनही विलक्षण वाटते. पाण्यात शिरताच खालच्या चोचीच्या दोन्ही कडा बाहेर वाकतात, झोळी फुगते आणि माशांबरोबर सुमारे दहा लिटर पाणी आत येते. एवढे वजन घेऊन उडणे अशक्य असल्याने तो चोच खाली झुकवून आधी पाणी निथळू देतो आणि मगच मान वर करून मासा गिळतो. झोळी मासे साठवण्यासाठी असते हा समज म्हणूनच बरोबर नाही. ती पकडण्याचे साधन आहे, कोळ्याच्या हातजाळ्यासारखे.

कच्छआखात:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. जगात पेलिकनच्या आठ जाती आहेत आणि त्यांपैकी सूर मारणाऱ्या दोनच, तपकिरी आणि पेरूच्या किनाऱ्यावरील. तपकिरी पेलिकन साधारण दोन ते पाच किलोंचा असतो, तर थंडीत जामनगरजवळ खिजडियाला येणारे डाल्मेशियन व मोठे पांढरे पेलिकन दहा किलोंपर्यंत, क्वचित त्याहूनही जड भरतात. ते उथळ पाण्यात तरंगत झोळी बुडवून मासे उचलतात. मोठे पांढरे पेलिकन तर अर्धवर्तुळ करून मासे उथळाकडे हाकतात आणि सगळे एकदमच चोची पाण्यात घालतात; हे दृश्य त्या झेपेइतकेच पाहण्याजोगे आहे. ठिपकेदार चोचीचा पेलिकन मात्र बहुधा एकटाच मासेमारी करतो.

गोदाकाठ (नाशिक):
मनःपूर्वक आभार. पेलिकन पाणी निथळू देत असताना कुरव पक्षी अगदी त्याच्या चोचीपाशी येऊन बसत होते, काही वेळा डोक्यावरही. त्यांचा हेतू काय असावा?

पाणथळ_निफाड:
चोरी. पाणी बाहेर जाण्यासाठी चोच किंचित उघडावी लागते आणि त्या फटीतून निसटणारा मासा कुरव पळवतात. पुन्हा जाणे झाले तर डोक्याचा रंगही पाहावा: प्रौढांचे डोके पांढरट-पिवळसर आणि पोट गडद असते, तर अननुभवी पिल्लांचे डोके तपकिरी आणि पोट पांढरे. पिल्लांच्या झेपा प्रौढांपेक्षा अधिक वेळा रिकाम्या जातात, आणि हा फरक किनाऱ्यावर उभे राहून, दुर्बिणीशिवायही, टिपता येतो.