झीन : तो, ती की ते? आणि 'आठ पानी' म्हणजे नेमकी किती पानं?

घडीवाली : घरच्या घरी झीन, म्हणजे स्वतःच करून प्रती वाटायचं छोटं पुस्तक, कशी करायची, हे मराठीत लिहून काढतेय. ए-फोर कागदाला तीन घड्या घालायच्या, उलगडून मधोमध दोन घरांपुरती चीर द्यायची, की छोटं पुस्तक उभं राहतं. मी लिहिलं, 'आठ पानी झीन तयार!' मैत्रिणीने ते वाचून आठ कागद काढून ठेवले. शिवाय ती म्हणते 'तो झीन'. काय लिहू?

पाठपोट : पान वेगळं, पृष्ठ वेगळं. पानाला पाठ आणि पोट असतं, म्हणून एका पानाची पृष्ठं दोन. तुमच्या झीनची पानं चार, पृष्ठं आठ. पोथीत आकडा पानाला असतो, पृष्ठाला नाही.

रोजचीमराठी : मग वर्तमानपत्राची 'आठ पानी पुरवणी' कशी मोजणार? तिथे पान म्हणजे पृष्ठच. 'पृष्ठ पाच उघड' असं घरात कोण बोलतं?

शुद्धलेखक : आधी 'झीन' कशाला हवं ते सांगा. साठच्या दशकात मराठीत सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून, अंक निघत, त्यांना अनियतकालिक म्हणत. तयार शब्द आहे, तो वापरा.

पाठपोट : नाही पटत. अनियतकालिकाचा पुढचा अंक कधी येईल ते ठरलेलं नसतं, पण येईल अशी आशा असते. झीन एकदाच निघून संपूही शकते. मला 'बाड' आवडेल. माझ्या आजीने अभंग उतरवून दोऱ्याने शिवलेलं बाड अजून आमच्याकडे आहे. लिहिणारी तीच, शिवणारी तीच, वाचणारीही तीच.

शुद्धलेखक : बाड हस्तलिखिताचं. झीनच्या प्रती काढून वाटतात. आजीने बाड वाटलं होतं का?

पाठपोट : शेजारणी उतरवून न्यायच्या. वाटणंच झालं ते.

मुळाशी : परकं परकं काय करताय? मॅगझिनचं मूळ अरबी 'मखझन', म्हणजे कोठार. आपला 'खजिना' त्याच धातूचा. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने 1731 साली तो शब्द नियतकालिकासाठी वापरला. 1940 साली अमेरिकेतले विज्ञानकथांचे चाहते रस शोव्हने यांनी 'फॅनझीन', म्हणजे चाहत्यांनी काढलेलं मॅगझिन, हा शब्द घडवला आणि त्याचं शेपूट म्हणजे झीन. शब्द फिरून चुलतभावाच्या घरी आलाय.

रोजचीमराठी : मला तर 'जीन' आठवलं, खोगीर. घड्या घातलेले कागद एकात एक सरकवून कण्यावर पिना मारतात, ती सॅडल स्टिच, म्हणजे खोगीरटाकाच! कागद आडव्या कण्यावर खोगिरासारखे पसरतात म्हणून ते नाव.

मुळाशी : ते जीन फारसी. हा निव्वळ योगायोग, व्युत्पत्ती म्हणून कुठे लिहू नका.

रोजचीमराठी : लिहीत नाही, पण शिकवताना सांगणार. खोगीर डोळ्यांपुढे आलं की पृष्ठं चारच्या पटीत का लागतात ते चटकन कळतं. एक कागद दुमडला, चार पृष्ठं झाली.

घडीवाली : पण तो की ती?

शुद्धलेखक : अंक तो, पत्रिका ती, मासिक ते. मनात जो शब्द, त्याचं लिंग. बाकी मी अनियतकालिकच म्हणणार.

घडीवाली : मी 'एका कागदाची झीन' लिहिलं. आकडाच काढून टाकला. मैत्रीण अजून 'तो'च म्हणतेय.

पाठपोट : चालेल. पण 'चीर द्या' बदला. चीर म्हटलं की कागद हाताने फाडल्यासारखं वाटतं. तिथे कात्री चालवायची आहे, 'काप द्या' लिहा.

रोजचीमराठी : काप बटाट्याचे. चीरच बरोबर.