वीट आला म्हणून देश सोडायचा का?

कोणीही निवडून आलं तरी तेच, मग इथे राहायचं कशाला, हा प्रश्न रास्तच आहे आणि जाणाऱ्याला गद्दार वगैरे म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण बाहेर गेल्यावर राजकारण काय सुटत नाही, मत मात्र सुटतं. बहुतेक देशांत नागरिकत्व मिळेपर्यंत राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येत नाही, त्यात कित्येक वर्षं जातात, आणि तोवर व्हिसा नोकरीला बांधलेला असेल तर नोकरी गेली की राहण्याचेच वांधे, आणि हे नियम ठरवणारे पण राजकारणीच, ज्यांना तुमच्या मताची गरजच नाही.

मला १९८९ चा, कम्युनिस्ट राजवटीतला पूर्व जर्मनी आठवतो. सप्टेंबरमध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा उघडली तसे तिथून हजारो पूर्व जर्मन लोक पश्चिमेकडे निघून गेले, आणि त्याच दिवसांत पूर्व जर्मनीतल्याच लाइपझिग शहरात दर सोमवारी निकोलाय चर्चमधली प्रार्थना संपली की लोक रस्त्यावर येऊन 'आम्ही इथेच राहणार' अशा घोषणा द्यायचे. ९ ऑक्टोबरला तिथे साधारण ७०,००० लोक जमले, गोळीबार होईल अशी धास्ती असतानाही, आणि बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. जाणाऱ्यांमुळे सरकार हादरलं हे खरंच, पण त्याला झुकवलं राहिलेल्यांनी असं मला मनापासून वाटतं.

जिवाला किंवा तुरुंगाचा धोका असेल तर सरळ निघा, यात वादच नाही. नुसता वैताग असेल तर मात्र आधी स्थानिक पातळीवर एखाद्या कामात शिरून बघा, तिथे एकेका मताला खरंच वजन असतं, आणि मग ठरवा.